वाट अरुंद की रांग लांब?

घरातील इंटरनेट मंदावले, की बहुधा एकच निदान होते : वेग अपुरा आहे, अधिक पैशांची योजना घ्यावी. पैसे वाढतात, परंतु कोणी छायाचित्रांचा मोठा संच पाठवू लागला, की परगावच्या नातवंडांशी चाललेले बोलणे पूर्वीप्रमाणेच तुटू लागते. वाट अरुंद असणे आणि वाटेच्या तोंडाशी रांग लागणे, या दोन निराळ्या व्याधी आहेत, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

पारख सोपी आहे. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन उत्तरास लागणारा वेळ पाहावा; एकदा घरातील सर्व यंत्रे स्वस्थ असताना, एकदा मोठी फाइल पाठवीत असताना. पहिल्या वेळी वीस मिलिसेकंद आणि दुसऱ्या वेळी पाचशे, असा फरक दिसला, तर दोष रांगेचा. मोडेमच्या साठवणीत छायाचित्रांची शेकडो पॅकेटे तुंबतात व आवाजाचे चिमुकले पॅकेट त्यांच्यामागे ताटकळते. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये या व्याधीचे ‘बफरब्लोट’ असे नामकरण केले.

उपाय वरकरणी उलटा वाटेल. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये ‘टीसी’ या आज्ञेने आपणच वेगास किंचित लगाम घालावयाचा. बाहेर जाणारा वेग दहा मेगाबिट असेल, तर मर्यादा नऊची ठेवावी. मग रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिची शिस्त आपल्या हाती येते. २०१२ पासून लिनक्समध्ये असलेली ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत प्रत्येक प्रवाहास निराळी रांग देते. प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या वर रेंगाळू लागली, की ती काही पॅकेटे टाकून देते; पाठविणारे यंत्र त्यावरून बोध घेऊन हात आखडता घेते. २०१८ मध्ये आलेल्या ‘केक’ या पद्धतीत लगाम व शिस्त एकत्रच मिळतात.

इतके करूनही मर्यादा लागू पडली नाही, तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, एकक : जाहिरातीतील ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबिट, ‘टीसी’च्या भाषेत मात्र त्याचा अर्थ मेगाबाइट, म्हणजे आठपट. तेथे ‘एमबिट’ असेच लिहावे. दुसरी, दिशा : हा लगाम बाहेर जाणाऱ्या प्रवाहास बसतो, आत येणारा प्रवाह आधी ‘आयएफबी’ या आभासी द्वारातून वळवावा लागतो. तिसरी, वर्गवारी : ‘एचटीबी’ पद्धतीत कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या पॅकेटांसाठी वर्ग नेमला नाही, तर ती मर्यादेवाचून निसटतात. आकडेवारीत एखाद्या वर्गापुढे शून्यच दिसत राहिले, तर गाळणी चुकली असे समजावे.

वाट खरोखरच अरुंद असेल, तर शिस्तीने ती रुंद होणार नाही. तेथे मोठी योजनाच हवी. परंतु पैसे मोजण्यापूर्वी रांग तपासून पाहावी, एवढेच आमचे सांगणे.