बाळंतीण चिंचिला आणि उष्णतेचा हिशेब

चिली देशात अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या उतारांवर चिंचिला नावाचा सशाहून लहान, कुरतडणारा प्राणी राहतो. काही देशांत तो घरीही पाळतात. मादी सुमारे 111 दिवस गाभण असते. पिले अंगभर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. इतके वाढलेले पिलू कधी आडवे येते आणि आई थकून जाते. तिला ऊब द्यावी का?

तिच्या कातडीच्या एकेका छिद्रातून 50हून अधिक केस निघतात. त्यांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. शिवाय तिला घाम येत नाही. त्यामुळे 30 अंश सेल्सियसच्या आसपासही तिला उष्माघात होऊ शकतो.

ओल्या पिलाचे मात्र उलट! अंगावरचे 1 ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेते. ती सारी 50 ग्रॅमच्या पिलाने दिली, तर त्याचे तापमान सुमारे 14 अंशांनी उतरेल. एरवी आई पिलांना चाटून कोरडे करते; दमलेल्या आईला ते जमत नाही.

म्हणून पिले फडक्याने पुसावीत. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवावी. दुसरा कोपरा थंड राहिला, की आई हवी तेवढी ऊब घेईल आणि नको तेव्हा दूर सरकेल. वाळलेले गवत व पाणी तिच्या तोंडाशी ठेवावे.

मात्र रक्त थांबत नसेल, स्रावाला दुर्गंधी येत असेल किंवा तिने खाणे सोडले, तर वार किंवा पिलू आत अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी ऊब देत बसू नये. ताबडतोब पशुवैद्य गाठावा.