नकाशावरून गेलेला देश

मित्रांनो, घरात माळ्यावर किंवा एखाद्या जुन्या ट्रंकेत काका-मामांच्या शाळेतला ॲटलास सापडतोय का बघा. १९९१ च्या आधी छापलेला हवा बरं का! त्यात आशियाचं पान उघडा. वरच्या अंगाला, पार युरोपपासून जपानजवळच्या समुद्रापर्यंत, एकच भलामोठा देश पसरलेला दिसेल. सोव्हिएत संघ! आता तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा शेजारी ठेवा. त्या एका देशाच्या जागी चक्क १५ देश!

देश असा नाहीसा होतो तरी कसा? नसरापूरच्या मुलांना याचं फार नवल वाटू नये. तुमच्या तालुक्याचं गाव भोर. तिथला राजवाडा तुम्ही सिनेमांतून पाहिला असेल. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्य गेलं, गड, नद्या, शेतं, माणसं जागच्या जागी राहिली. सोव्हिएत संघाचंही थोडंफार असंच झालं. पण तो जगातला सगळ्यात मोठा देश होता आणि त्याच्याकडे हजारो अणुबाँब होते, म्हणून सगळ्या जगाच्या छातीत धस्स झालं.

१९१७ साली रशियात क्रांती झाली. झारची राजवट कोसळली, पुढे साम्यवादी पक्षाच्या हाती सत्ता आली आणि १९२२ मध्ये सोव्हिएत संघ स्थापन झाला. जमीन, कारखाने, दुकानं सगळं सरकारचं. कुणी मालक नाही, कुणी गडी नाही, हे त्यांचं स्वप्न. या स्वप्नाची भुरळ आपल्याकडेही अनेकांना पडली. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे त्यांतलेच. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या फौजा स्टालिनग्राडवर चालून गेल्या, तेव्हा अण्णाभाऊंनी त्या शहराच्या झुंजीवर पोवाडा रचला. शाळा जवळजवळ न पाहिलेला हा माणूस १९६१ साली रशिया पाहून आला आणि त्यानं प्रवासवर्णन लिहिलं!

पण पाहुण्याला ओसरी दाखवतात, माजघर नाही. सोव्हिएत माजघरात काय होतं? १९३२-३३ च्या दुष्काळात एकट्या युक्रेनमध्ये लाखो माणसं उपासमारीनं मेली, तरी सरकार धान्य उचलून नेत होतं. स्टालिनच्या काळात विरोध केल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांना श्रमछावण्यांत धाडत. पक्ष एकच आणि वर्तमानपत्रंही त्याच पक्षाची.

तुमच्यासारख्या मुलांना मात्र हा देश वेगळ्याच वाटेनं माहीत होता. गोष्टींच्या पुस्तकांच्या! मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची पुस्तकं थेट मराठीत छापून यायची. अनिल हवालदारांसारखे भाषांतरकार त्यासाठी मॉस्कोत राहून काम करत. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाकडे ती विकायला असत. जाड गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं, आणि किंमत? खाऊच्या पैशांत येईल एवढी! ‘देनिसच्या गोष्टी’ वाचलेल्या कुणा मावशीला विचारा. मॉस्कोतला खोडकर देनिस तिला शेजारच्या घरातला वाटायचा. थोरल्या मुलांसाठी मीर प्रकाशनाची विज्ञानाची पुस्तकं असत. त्यांतलं इरोडोव यांचं भौतिकशास्त्राच्या गणितांचं पुस्तक इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं अजूनही सोडवतात (आणि डोकं खाजवतात!).

एवढी स्वस्त कशी परवडायची? तोटा सोव्हिएत सरकार भरायचं. आपल्या देशाचं चांगलं मत व्हावं, हा त्यातला हेतू. आणि गोम इथेच आहे. पुस्तकंच काय, पाव, घरभाडं, रेल्वे, सगळ्याच्या किमती मॉस्कोतले अधिकारी ठरवत. लोकांना काय हवंय, यापेक्षा कागदावरचं उद्दिष्ट पुरं झालं की नाही याला महत्त्व. मग रॉकेट अवकाशात जाई आणि साबणासाठी रांग लागे! त्यात अमेरिकेच्या बरोबरीनं शस्त्रं करण्याची चढाओढ. १९७९ मध्ये फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, त्या नऊ वर्षं तिथे अडकल्या. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. देशाची मोठी कमाई तेलावर होती! त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि सरकारनं सुरुवातीला ते आपल्याच लोकांपासून लपवलं.

१९८५ मध्ये आलेले नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांना घर पाडायचं नव्हतं, डागडुजी करायची होती. त्यांनी लोकांना बोलू दिलं, कारभार बदलायला घेतला. पण जुन्या वाड्याची एक कुजकी तुळई काढायला जावं आणि आढंच खाली यावं, तसं झालं. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया म्हणाले, आम्हाला वेगळं व्हायचंय. ऑगस्ट १९९१ मध्ये जुन्या मंडळींनी गोर्बाचेव्हना नजरकैदेत टाकून सत्ता घ्यायचा डाव केला. तो तीन दिवसांत फसला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्हनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला.

गंमत ऐका. सर्गेई क्रिकाल्योव्ह नावाचा अंतराळवीर तेव्हा मीर या अवकाशस्थानकावर होता. मे १९९१ मध्ये तो सोव्हिएत नागरिक म्हणून वर गेला. मार्च १९९२ मध्ये खाली उतरला, तर त्याचा देशच नाही! ज्या बैकानूर तळावरून तो उडाला, तो आता कझाकस्तान या वेगळ्या देशात होता. आपले राकेश शर्माही १९८४ मध्ये तिथूनच उडाले होते.

खाली राहिलेल्यांची मात्र गंमत नव्हती. २ जानेवारी १९९२ पासून बहुतेक वस्तूंच्या किमती मोकळ्या सोडल्या. आजी-आजोबांनी जन्मभर साठवलेल्या रूबलचं बघता बघता पाणी झालं. कित्येक कारखान्यांत महिनोन्महिने पगार नव्हते. मोजकेच लोक मात्र तेलाच्या, धातूंच्या कंपन्या स्वस्तात घेऊन अतिश्रीमंत झाले.

झळ आपल्यापर्यंतही आली. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग विमानं बनत. त्यांचे सुटे भाग पुरवणारे कारखाने आता वेगवेगळ्या देशांत विखुरले गेले आणि हवाई दलाला सुट्या भागांची चणचण भासू लागली. मराठी पुस्तकंही यायची थांबली. आणि जे देश वेगळे झाले, त्यांचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा तिथे डॉक्टर व्हायला गेलेली महाराष्ट्रातली कितीतरी मुलं जीव मुठीत धरून सीमेपलीकडे चालत गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. आणि ती पुस्तकं? पुण्याच्या अरविंद गुप्तांनी त्यांतली बरीचशी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली आहेत. देनिस तुम्हालाही भेटू शकतो.