मागे म्हणजे नेमके कुणाच्या मागे?

मागच्या वेळी आपण ‘तुलना’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द आपल्या वाशीम जिल्ह्यात आणून बघू.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यातून वेगळा झाला. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले : नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि वाशीम. आता मागासलेपण मान्य करायला हरकत नाही. पण मागे म्हणजे कुणाच्या मागे? इथे मापे निरनिराळी आहेत बरं का.

पहिले माप दांडेकर समितीचे. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली राज्याची सरासरी धरली आणि जो जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष मोजला. आपल्या तक्रारीला त्यामुळे आकडा मिळाला, ही मोठी गोष्ट. पण सरासरी म्हणजे काही गाव नव्हे. तिथे कुणी राहत नाही.

दुसरे माप नीती आयोगाचे. निर्देशक ४९, आरोग्य आणि शिक्षण मिळून १०० पैकी ६० गुण, शेती व पाणी २०. क्रमवारी मात्र सुधारणेच्या वेगावर. समजा एक जिल्हा ४० वरून ५० वर गेला आणि दुसरा ८० वरून ८४ वर, तर पहिला वर लागतो. शर्यतीत हे न्याय्यच. पण पहिला नंबर आला म्हणून पोट भरले, असे समजायचे नाही!

तिसरे माप जरा लांबून आणू. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांच्या उत्तरेकडचे १४ विरळ वस्तीचे प्रदेश घेऊन ओईसीडीने २०१७ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. राजधानीपासून लांब असणाऱ्यांना एकमेकांशेजारी ठेवले. तिथल्या औलू शहरात १९५८ मध्ये विद्यापीठ निघाले, पुढे नोकियामुळे दूरसंचाराचे ज्ञान रुजले; नोकियाचा फोन-व्यवसाय कोसळला, तरी त्या ज्ञानावर नव्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपली वस्ती दाट, त्यांची विरळ. नक्कल करून भागणार नाही. पण सारख्याची तुलना सारख्याशी, हे तत्त्व घेता येईल. शेजारचा हिंगोली जिल्हा घ्या. १९९९ चा, म्हणजे आपल्याच वयाचा, सोयाबीनही तेच. त्याला जमले आणि आपल्याला नाही, असे काही सापडले, तर कारण शोधता येते. पुण्याशी तुलना केली की नुसता उसासा निघतो.

आणि एक. रुंद वरंब्यावर सोयाबीन पेरायची म्हणून कुणी गावच्या लोहाराकडून पेरणी यंत्राचे फण बदलून घेतो. ही नवनिर्मितीच. पण ती कुठल्या रकान्यात भरायची? जे मोजत नाही त्याला पैसा मिळत नाही, आणि जिथे आपल्या हुशारीला रकाना नाही, तिथे आपली पोरे थांबत नाहीत.

हेच वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तेव्हा ते कशापासूनच लांब नव्हते. जमीन हलली नाही; केंद्र हलले. म्हणून पुढची क्रमवारी लागेल तेव्हा आपला नंबर विचारण्याआधी माप कुणी ठरवले, ते विचारू या.