खाऊची गाडी: एका आखाची की दोन आखांची?

पाऊस ओसरला की आमच्या वसई-विरारच्या बचत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. घरून डबे देऊन झाले, प्रदर्शनात स्टॉल लावून झाले, आता स्वतःची खाऊची गाडी घ्यायची. रोज संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला, रविवारी कळंब-राजोडीच्या रस्त्याला आणि कार्तिकात निर्मळच्या यात्रेला. मग गाडी बनवणारा विचारतो, "सिंगल एक्सल की डबल?" सगळ्याजणी एकमेकींकडे बघतात आणि कोणीतरी म्हणते, "डबलच घेऊ, मजबूत असेल." गाडीसाठी कर्ज गट घेतो आणि हप्ता प्रत्येकीच्या नावावर पडतो. म्हणून आज एवढ्या एकाच प्रश्नावर बोलू या.

एक्सल म्हणजे आपला आख, दोन चाकांना जोडणारा दांडा. एक आख म्हणजे दोन चाकं, दोन आख म्हणजे चार. भाजीच्या चारचाकी हातगाडीला आख दोन टोकांना असतात. टेम्पोमागे ओढायच्या गाडीत मात्र दोन्ही आख मधोमध, एकमेकांना लागून बसवतात. परदेशात घरासारख्या ओढायच्या गाड्या असतात, त्यांना कॅराव्हॅन म्हणतात, त्यांचंही असंच. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातही एका आखाच्या आणि दोन आखांच्या अशा दोन्ही प्रकारांची नावं आहेत. म्हणजे प्रश्न आपल्या एकट्यांचा नाही.

आधी वजन बघू. पाण्याचा हिशोब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढले. धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक लागतो. त्यात गॅसच 19 किलो असतो आणि लोखंडासकट तो 35 ते 40 किलो भरतो. असे दोन धरा, 75 किलो. तवा, कढया, पीठ, तेल, बर्फाची पेटी मिळून आणखी 75. रिकामी गाडी 350 किलोची असेल तर एकूण झाले 600. एका आखाच्या गाडीत प्रत्येक चाकावर जवळजवळ 300 किलो येतात, दोन आखांच्या गाडीत 150. मऊ मातीत, पावसाळी चिखलात चाक किती रुतेल ते या आकड्यावर बरंचसं ठरतं.

मग डबलच बरी का? थांबा. आता वळवणं बघू. एका आखाची गाडी दोघीजणी मिळून जागच्या जागी फिरवू शकतात, कारण ती त्या एका आखाभोवतीच फिरते. दोन आखांची गाडी जागेवर फिरवायला गेलं की टायर आडवे घासत जातात. भरलेली असेल तर चार-पाच जणींनाही हलत नाही आणि टायर लवकर झिजतात. नालासोपाऱ्याच्या गल्लीत किंवा वसई गावातल्या वाडीच्या अरुंद वाटेवर रोज रात्री गाडी आत लावायची असेल, तर हा मुद्दा पहिला धरा.

पंक्चरचं उलटं आहे. एका आखाच्या गाडीचं एक चाक बसलं की गाडी तिथेच बसली. दोन आखांत शेजारचं चाक थोडा वेळ भार घेतं, हळूहळू कडेपर्यंत आणता येतं. महामार्गावरून वज्रेश्वरीकडे किंवा लांबच्या जत्रेला टेम्पोमागे गाडी न्यायची असेल तर दोन आखांची गाडी रस्त्यावर कमी डोलते. पण देखभाल दुप्पट. चार टायर, चार बेअरिंग, जास्त पाटे. आपल्याकडे पाणी साचतं, 2018 च्या जुलैमध्ये तर आठवडाभर हाल झाले होते. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी चढलं तर बेअरिंग उघडून नवीन ग्रीस भरावं लागतं. दोन चाकांचं काम वेगळं आणि चारांचं वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तोल. ज्यांच्या माहेरी बैलगाडी होती त्यांना हे सांगायला नको. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढचं जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. एका आखाची खाऊगाडी अगदी बैलगाडीसारखीच वागते. टेम्पोपासून सोडवलेली गाडी टेकू न लावता उभी असेल आणि दोघीतिघी मागच्या बाजूने आत चढल्या, तर पुढचा भाग उचलला जातो. कढईत उकळतं तेल असताना असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून चारही कोपऱ्यांना खाली सोडायचे टेकू हवेतच, आणि ते लावल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. दोन आखांची गाडी तेवढी पटकन कलत नाही, पण टेकू तिलाही लावायचेच.

ओढतानाही तोच नियम. परदेशी कॅराव्हॅनवाल्यांचा ठोकताळा असा, की एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा. आपल्या 600 किलोच्या गाडीला 30 ते 42 किलो. वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून पुढचा दांडा त्यावर टेकवला की आकडा कळतो. दांडा टेम्पोला जोडायच्या उंचीवरच असावा. फार कमी भार आला तर गाडी मागे शेपटीसारखी हलते. पाण्याची टाकी आखाच्या वरच बसवून घ्या, टोकाला नको. आणि गाडी हलवताना टाकी रिकामी करा. अर्धी भरलेली टाकी डुचमळते, ती सगळ्यात वाईट.

कागदांचाही विचार करा. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात एका जागी बसणारे आणि फिरते असे विक्रेते वेगळे धरले आहेत. एका जागेवर बसणार असाल तर चाकांवर जास्त पैसे घालू नका, ते तव्यावर आणि छपरावर घाला. फिरता धंदा असेल तर हलकी गाडी घ्या. मोटारीमागे जोडून ओढायची गाडी मोटार वाहन कायद्याने वाहनच ठरते. त्यामुळे नोंदणीचे कागद कोण करून देणार हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या आणि परिवहन कार्यालयात जाऊन खात्री करा. पीएम स्वनिधीचा पहिला हप्ता 2020 मध्ये 10,000 रुपये होता, 2025 मध्ये तो 15,000 झाला. तेवढ्यात ओढायची गाडी होत नाही, पण साध्या हातगाडीच्या खर्चाला हातभार लागतो.

मग आम्ही गटांना काय सांगतो? गाडी रोज हाताने ढकलायची, जागा अरुंद आणि भरलेलं वजन 600-700 किलोच्या आत असेल तर एक आख. वजन हजाराच्या पुढे, ओढायला स्वतःचं वाहन, लांबचा प्रवास आणि उभी करायला मोकळी जागा असेल तर दोन आख. मधल्यांनी आधी सामान कमी होतं का ते बघावं. बहुतेक वेळा पाणीच कमी करता येतं.

इसार देण्याआधी एक काम करा. बनवणाऱ्याकडची तयार गाडी मागा, तिच्यात सिलिंडर आणि पाणी ठेवा, आणि रोज जी ढकलणार आहे तिलाच ती वळवायला लावा. अध्यक्ष, सचिव बाजूला उभ्या राहोत. जिच्या पाठीवर गाडी येणार, तिचं मत आधी विचारा आणि मगच कर्जाच्या कागदावर सह्या करा.