किगालीची परिषद आणि घरांतील गारवा

पूर्व आफ्रिकेंत रवांडा नांवाचें एक लहानसें डोंगराळ राष्ट्र आहे. त्याची राजधानी किगाली ही विषुववृत्तापासून अवघ्या दोन अंशांवर वसली आहे. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार मीटर उंचीवर असल्यामुळें तेथील हवा सौम्य असते. या शहरीं २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यांत जगांतील बहुतेक सर्व राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले, आणि शीतकपाटांत व वातानुकूलन यंत्रांत कोणते वायु किती काळ वापरावे, या प्रश्नाचा त्यांनीं निकाल लावला. यंत्रांत भरावयाचा वायु हा काय मंत्र्यांनीं रात्र जागून चर्चा करण्याजोगा विषय आहे, अशी शंका कोणासहि येईल. तिचें निरसन करणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. वातानुकूलन यंत्र खोलींतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. माठाचें तत्त्वहि हेंच. माठांतून झिरपलेलें पाणी वाळतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें, म्हणून पाणी गार राहतें. माठाचें पाणी हवेंत निघून जातें. यंत्रांतील द्रव मात्र बंद नळ्यांतून फिरत राहतो. खोलीकडील नळ्यांत तो कमी दाबाखालीं उकळतो, वायुरूप होतो व उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळें तो तापतो. बाहेरील नळ्यांत ती उष्णता हवेला देऊन तो पुन्हां द्रवरूप होतो. मग एका अरुंद वाटेंतून जातांना त्याचा दाब उतरतो, तो थंड होतो, आणि फेरा नव्यानें सुरू होतो.

यांत एक अडचण आहे. उष्णता बाहेरच्या हवेला द्यावयाची, तर यंत्रांतील वायु त्या हवेहून अधिक तापलेला असला पाहिजे. बाहेर ३५ अंश असतां जें काम सहज होतें, तेंच ४५ अंशांत करावयाचें तर दाब वाढवावा लागतो, वीज अधिक खर्च होते, आणि गारवा मात्र कमी मिळतो. म्हणजे ज्या दिवशीं यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशीं तें सर्वांत दुबळें! या यंत्रांची क्षमता सामान्यतः ३५ अंशांच्या हवेंत मोजली जाते. नागपूर-चंद्रपूरकडील मे महिना ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांस या आंकड्याची मर्यादा सांगावयास नको. कोणता वायु भरला आहे, यावर ही दुर्बलता किती जाणवते तें पुष्कळसें अवलंबून असतें.

आतां या वायूंचा इतिहास. प्रारंभीं शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायु वापरीत. १९२८ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनीं क्लोरीन आणि फ्लोरीन असलेला एक नवा वायु पुढें आणला. तो जळत नसे व विषारीहि नव्हता. १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिजली यांनीं तो छातींत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकला. ज्योत विझली, फुंकणारा सुखरूप राहिला. गुणी वायु मिळाला असेंच सर्वांस वाटलें. परंतु १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, असले वायु वातावरणांत उंच चढतात, सूर्यकिरणांनीं फुटतात, आणि त्यांतील क्लोरीन ओझोनच्या संरक्षक थराचा नाश करतो. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवप्रदेशावरील ओझोनचा मोठा ऱ्हास ब्रिटिश संशोधकांनीं जाहीर केला, आणि १९८७ सालीं माँट्रियल येथें या वायूंना आळा घालणारा करार झाला.

त्यांच्या जागीं क्लोरीन नसलेले हायड्रोफ्लुओरोकार्बन आले. ओझोनला त्यांचें भय नाहीं. पण पृथ्वीची उष्णता अडवून धरण्याची त्यांची शक्ति विलक्षण आहे. घरगुती यंत्रांत बरीच वर्षें वापरला गेलेला आर-४१०ए हा वायु घ्या. शंभर वर्षांच्या हिशोबानें त्याचा एक किलो हवेंत सुटणें म्हणजे सुमारें दोन टन कार्बन डायॉक्साइड सोडण्यासारखें आहे. एक दुखणें बरें करणाऱ्या औषधानें दुसरें दुखणें जडावें, तसा हा प्रकार झाला.

हे वायु कमी केले पाहिजेत, याविषयीं किगालीस फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो मुदतीविषयीं. श्रीमंत व थंड राष्ट्रांत ही यंत्रें घरोघरीं येऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं. उष्ण देशांतील बहुसंख्य घरांत तीं अद्याप यावयाचीं होतीं. शिवाय पर्यायी वायूंपैकीं कांहीं ज्वालाग्राही होते, कांहींवर परदेशी कंपन्यांचे एकाधिकार होते, आणि अतिउष्ण हवेंत ते कसे टिकतील याचा अनुभव थोडा होता. गारवा ही केवळ चैन नव्हे. लस, दूध, मासळी यांचें रक्षण त्यावर अवलंबून आहे, आणि कडक उन्हाळ्यांत म्हाताऱ्या माणसांचे प्राणहि. त्यामुळें घाईनें झालेल्या बदलाची किंमत नेमकी कोणी भरावयाची, हा प्रश्न खरोखरीचा होता.

१५ ऑक्टोबर रोजीं, रात्रभराच्या वाटाघाटींनंतर, तडजोड झाली. पुढारलेल्या राष्ट्रांनीं २०१९ पासून आरंभ करून २०३६ पर्यंत या वायूंचा वापर ८५ टक्क्यांनीं उतरवावा. चीन, ब्राझील इत्यादि बहुतेक विकसनशील देशांनीं २०२४ सालीं वाढ थांबवावी आणि २०४५ पर्यंत ८० टक्के घट करावी. भारत, पाकिस्तान, इराण, इराक व आखाती देश यांनीं २०२८ सालीं वाढ थांबवावी व २०४७ पर्यंत ८५ टक्के घट करावी. याखेरीज, ज्या देशांत वर्षांतून निदान दोन महिने कमाल उष्णतामानाची मासिक सरासरी ३५ अंशांच्या वर राहते, अशा चौतीस देशांस ठराविक यंत्रांपुरती अधिक सवलत मिळाली. यंत्रशास्त्रांतील एक आंकडा अशा रीतीनें आंतरराष्ट्रीय करारांत जाऊन बसला. हा करार पुरता पाळला गेल्यास या शतकाच्या अखेरीपर्यंत पृथ्वीची सुमारें अर्ध्या अंशापर्यंतची उष्णतावाढ टळेल, असा अंदाज आहे.

भारतानें या दुरुस्तीस २०२१ सालीं संमति दिली. तत्पूर्वी, २०१९ सालीं, केंद्र सरकारनें शीतकरणाची एक राष्ट्रीय योजना प्रसिद्ध केली होती, आणि तींत यंत्रदुरुस्ती करणाऱ्या एक लाख कारागिरांच्या शिक्षणाचा संकल्प होता. हें कलम किरकोळ नव्हे. प्रोपेन या वायूचा पृथ्वीला तापविण्याचा गुण अत्यल्प आहे, उष्ण हवेंतहि तो चांगलें काम देतो, आणि मुंबईच्या गोदरेज कंपनीनें २०१२ च्या सुमारास त्यावर चालणारीं यंत्रें बाजारांत आणलीं. पण प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच एक घटक. तो पेट घेतो. म्हणून यंत्रांत तो मोजून थोडाच भरावा लागतो, आणि शिडीवर चढून तो भरणारा मनुष्य जाणता असावा लागतो.

येथें कुटुंबांतील मंडळींचाहि संबंध येतो. "गॅस संपला, दर वर्षीं भरावाच लागतो," असें आपण ऐकतों. वस्तुतः बंद नळ्यांत फिरणारा वायु मोटारींतील पेट्रोलप्रमाणें जळून संपत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे, आणि गेलेला वायु आकाशांत गेला आहे. नुसता नवा भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. गळती आधीं शोधून बुजवावी, आणि यंत्र मोडींत देतांना आंतील वायु हवेंत न सोडतां काढून घेतला जावा, असा आग्रह गृहिणीनें व गृहस्थानें धरावा. खोली २४ अंशांवर ठेवण्याचा जो संकेत २०२० पासून आपल्याकडील नव्या यंत्रांत घालून दिला आहे, तोहि पाळण्यासारखा आहे. त्यापेक्षां प्रत्येक अंश खालीं उतरतांना कॉम्प्रेसरचें काम वाढतें.

किगालीच्या करारांतील आपली अखेरची मुदत २०४७ सालची आहे. त्याच वर्षीं आपल्या स्वातंत्र्याला शंभर वर्षें पुरीं होतील. आपल्याला मिळालेला हा अवधि उष्ण देशाची अडचण ओळखून मिळाला आहे. त्या अवधींत कारागीर शिकले, घरें सावलींत व वाऱ्याच्या वाटेवर बांधलीं गेलीं, आणि यंत्रें सुधारलीं, तर त्याचें सार्थक होईल. एरवीं आजचा गारवा आपण नातवंडांच्या उन्हाळ्यांतून उसना आणला, असें म्हणण्याची पाळी येईल.