विश्लेषण : पिसांची ओली ‘फ्लाय’ डबीत बंद केली तर काय होते?

ट्राउट पकडण्याची ‘फ्लाय’ म्हणजे गळावर पिसे, केस आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. काश्मीरची लिद्दर असो की स्कॉटलंडमधली एखादी नदी, पद्धत हीच. इथे खाण्याजोगे आमिष नसतेच. मासा फसतो तो दिसण्याला. म्हणून पिसांचा आकार गेला की फ्लाय निकामी. आणि ती बऱ्याचदा नदीत नाही, घरी परतल्यावर बंद डबीत निकामी होते.

डबीत नेमके काय घडते?

बरेचसे गळ कार्बन पोलादाचे असतात. पिसांनी आणि धाग्याच्या वेढ्यांनी धरलेले पाणी सगळ्यात शेवटी सुकते आणि गंज तिथूनच सुरू होतो. तो वरून पटकन दिसत नाही. शेजारच्या फ्लायवर डाग पडतात, लाल रंगवलेल्या पिसाचा रंग पांढऱ्या पिसाला लागतो. समुद्रात वापरलेली फ्लाय असेल तर प्रकरण आणखी बिघडते. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढते. कोकणात पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तेच इथे. त्यामुळे समुद्रावरून आल्यावर फ्लाय आधी गोड्या पाण्यात धुवायची, मग सुकवायची.

मग सुकवायचे कसे?

उघड्यावर, सावलीत, वाऱ्यावर, रात्रभर. हेअर ड्रायर जवळ धरायची घाई करू नये. पीस आपल्या केसांसारखेच केराटिनचे असते, जास्त उष्णतेने ठिसूळ होते. उलट चेपलेल्या पिसाला केटलीच्या वाफेवर काही सेकंद धरले तर ते पुन्हा फुलते (चिमट्यात धरून, बोटात नाही). त्यानंतर अर्थात पुन्हा सुकवणे आलेच. बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी डबीत टाकावी. पण ती उरलासुरला ओलावा शोषते, भिजलेल्या फ्लायवरचा उपाय नव्हे.

नदीवर असतानाची गोष्ट वेगळी. पाण्यावर तरंगणारी फ्लाय माशाच्या बुळबुळीत स्रावाने जड होऊन बुडते. ती धुऊन सिलिकाच्या भुकटीत हलवतात. युरोपात झाडावर वाढणाऱ्या ‘अमाडू’ नावाच्या बुरशीच्या तुकड्यात दाबून पाणी टिपायची जुनी पद्धतही आहे.

कसर लागली तर?

पैठणीला लागते तीच कसर पिसेही खाते. एका फ्लायमधली अळी सगळी डबी फस्त करू शकते. संग्रहालयांत लोकरी वस्तूंसाठी वापरतात तो उपाय इथेही चालतो : पूर्ण सुकलेली फ्लाय हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार पिसांवर दव धरते.

एका माशीसाठी एवढे का?

कारण काही पिसे परत मिळत नाहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅमन माशासाठी बांधलेल्या फ्लायवर चकचकीत ठिपक्यांचे एक पीस दिसते. ते आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचे. पिसांच्या व्यापारासाठी पक्षी मारले जात होते, म्हणून 1902 मध्ये भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. आज या पक्ष्याची शिकार हा गुन्हा आहे. बाहेर अशी पिसे बंदिस्त पैदाशीतल्या पक्ष्यांकडून मिळवतात. हाती जुनी फ्लाय असेल, तर ती कसरीच्या तोंडी जाऊ देण्यात अर्थ नाही.

नदीचा काय संबंध?

इथे मुद्दा छंदापलीकडे जातो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर 2004 मध्ये ‘डिडिमो’ हे बाहेरचे शेवाळ सापडले. ते नदीच्या तळावर जाड, ओल्या लोकरीसारखा थर धरते आणि ओल्या सामानातून दुसऱ्या नदीत पोहोचते. पाण्याचा एक थेंबही पुरतो. ओलावा धरणाऱ्या नमद्याच्या तळांचे बूट मासेमारीसाठी वापरण्यावर तिथे 2008 मध्ये बंदी आली. तिथला नियम सोपा आहे : सामान तपासा, धुवा आणि हाताला पूर्ण कोरडे लागल्यानंतर आणखी किमान 48 तास सुकू द्या. सकाळी एका नदीवर आणि संध्याकाळी दुसऱ्या नदीवर जाणाऱ्याने तीच ओली फ्लाय दोन्हीकडे टाकायची नाही. दुसरी, कोरडी डबी सोबत ठेवायची.