विरार ते चर्चगेट, खिशात टर्मिनल

विरार ते चर्चगेट अंतर साधारण 60 किलोमीटर. 1867मध्ये विरारहून मुंबईकडे लोकल सुरू झाली, तेव्हापासून इथली माणसं दिवसाचे कितीतरी तास रुळांवर घालवत आली आहेत. आता त्यांत कोड लिहिणारी मुलंमुलीही आहेत. सकाळच्या गर्दीत लॅपटॉप उघडणं अशक्य. पण कामाची छोटी जागा मोबाइलमध्येच मांडता येते, तीही फुकट.

अँड्रॉइडवर यासाठी टर्मक्स आहे. फोन रूट न करता ते लिनक्सचं टर्मिनल देतं. ते एफ-ड्रॉइड किंवा गिटहबवरून घ्यावं. मात्र टर्मक्स एकीकडून आणि त्याची जोडअ‍ॅप्स दुसरीकडून घेतली, तर डिजिटल सह्या जुळत नाहीत आणि नवखा माणूस तिथेच कंटाळतो. अ‍ॅप उघडल्यावर आधी ‘पीकेजी अपग्रेड’ चालवायचं, मग गिट, पायथन, ओपनएसएसएच आणि टीमक्स बसवायचं. सुरुवातीला एवढं पुरतं.

खरी काळजी घ्यायची ती एसएसएच किल्लीची. लॅपटॉपवरची किल्ली फोनमध्ये कॉपी करू नका. फोनसाठी वेगळी बनवा, तिला पासफ्रेज द्या आणि कोड जिथे ठेवता त्या खात्यात तिचं नाव स्पष्ट लिहा. नालासोपाऱ्याच्या चढउतारात फोन गेलाच, तर घरी येऊन तेवढीच किल्ली रद्द करता येते, बाकीचं काम सुरू राहतं. कंपनीचा कोड परवानगीशिवाय फोनमध्ये आणूच नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण घाईत नेमकं हेच राहून जातं.

नेटवर्क गेलं तरी अडत नाही. लिनस टोरवाल्ड्सने 2005मध्ये गिट घडवलं ते प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास राहील असं. त्यामुळे कमिट गाडीतच होतं, पुश नंतर करता येतं.

जड काम मात्र फोनवर लादू नये. अँड्रॉइड 12पासून अ‍ॅप्सनी सुरू केलेल्या उपप्रक्रिया 32च्या वर गेल्या, की जास्तीच्या प्रक्रिया यंत्रणा बंद करते. बिल्ड दूरच्या सर्व्हरवर चालवावं, तेही तिथल्या टीमक्समध्ये. म्हणजे भाईंदरच्या खाडीवर जोडणी तुटली तरी बिल्ड चालूच राहतं आणि परत जोडल्यावर तोच पडदा समोर येतो.

उभ्याने टाइप करताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरा. टर्मक्समध्ये तेच कंट्रोल.